निवेदक क्रमांक एक

समाजशास्त्र हा विषय आमच्या कॉलेजात कुणी निवडत नाही, तो पदरात पडतो. मराठी, इतिहास, समाजशास्त्र हा गट सोपा असतो अशी वणी आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत पक्की समजूत आहे. पोलीस भरतीची तयारी करता करता पदवी होऊन जावी, किंवा लग्न ठरेपर्यंत नाव कॉलेजात असावं, एवढ्यासाठी पोरं-पोरी माझ्या वर्गात येऊन बसतात. मी त्यांना दोष देत नाही. मी हा विषय घेतला तेव्हा मलाही तो काय आहे हे ठाऊक नव्हतं. पण वर्गात कुणी उघड्या तोंडानं जांभई दिली की माझा पारा चढतो, आणि वीस वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही.

पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहीत नाही. मी विचारते, तुमच्या घरात निर्णय कोण घेतं? दरवर्षी एकच उत्तर येतं, सगळे मिळून. मग मी विचारते, घर बांधलं तेव्हा चुलीची जागा कुणी ठरवली? या वर्षी कपाशी किती आणि सोयाबीन किती, हे कोण बोललं? ताईला त्याच गावी का दिलं? हळूहळू उत्तरं येतात. बाबांनी, आजोबांनी, मोठ्या काकांनी. या 'सगळे मिळून'मध्ये आई कुठं बसली होती, असं विचारलं की मागच्या बाकांवरून हसू फुटतं, आणि त्या हसण्यावर माझा उरलेला तास निघतो. समाजशास्त्र म्हणजे हेच, मी सांगते, रोज बघितलेलं पहिल्यांदा बघतोय असं बघायचं. हे वाक्य मला फार आवडायचं. आता मी ते घाईनं म्हणून पुढे जाते.

तिसऱ्या वर्षाला संशोधन पद्धती असते. प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, नमुना निवड. पुस्तकातली उदाहरणं कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कारखान्याची, नाहीतर वस्तीची असतात, आणि आमची पोरं ती इमानेइतबारे पाठ करतात. प्रकल्पासाठी पन्नास प्रश्नावल्या भरून आणा म्हटलं की बरोब्बर पन्नास येतात. एका पेनानं, एका हातानं, एकाच पारावर बसून भरलेल्या. एका वर्षी एकानं तीस शेतकऱ्यांचं वय बेचाळीस लिहून आणलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, मॅडम, सरासरी काढाले सोपं जाते. वर्गात मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. घरी येऊन मात्र एकटीच हसत बसले.

त्याच रागात मी प्रकल्प बदलला. पन्नास प्रश्नावल्या बंद. प्रत्येकानं एकच मुलाखत घ्यायची, ओळखीतल्या चाळिशीपुढच्या एका बाईची. तिच्या घरात झालेला एक मोठा निर्णय घ्यायचा आणि तो नेमका कसा झाला ते तिच्याच तोंडून ऐकायचं. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं, हे मी पुन्हा पुन्हा बजावलं. समोरचा थांबला की आपल्याला बोलायची घाई होते. ती आवरा, मनात दहा आकडे मोजा, खरं उत्तर त्यानंतर येतं. निवेदकाचं नाव कुठंही लिहायचं नाही, फक्त 'निवेदक क्रमांक एक' असं म्हणायचं. आणि मुलाखतीआधी संमतीपत्रावर सही घ्यायची. ते संमतीपत्र मी स्वतः बसून टाइप केलं होतं. 'मी ही माहिती स्वखुशीने देत आहे' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. मोठ्या विद्यापीठांत असं करतात, आपल्याकडे का नको, या विचारानं मी चार दिवस नुसती फुगून फिरत होते.

त्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. राजूरकडच्या एका खेड्यातली, वडील कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला. खाणीची नोकरी असलेलं घर आमच्याकडे लगेच ओळखू येतं: स्लॅबचं घर, दारात दुचाकी, आणि मुलगी शिकत असली तर तिच्या लग्नाची फार घाई नाही. मुलगी अबोल होती, पण वहीत खाडाखोड करून लिहिणारी. खाडाखोड करणारा विद्यार्थी विचार करतो, असं माझं मत आहे. तिनं मुलाखतीसाठी आपल्या आत्याला निवडलं, वडिलांच्या सख्ख्या बहिणीला.

इथं मी कुणाचं नाव लिहिणार नाही. या वेळी नावाशिवाय आणखीही पुष्कळ बदललं आहे, गावं, माणसांचे उद्योग, कोण कुणाचं कोण लागतं तेसुद्धा. हे शहाणपण मला उशिरा आलं, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी मोजली.

आठवडाभरानं मुलगी माझ्या टेबलाशी आली. आत्या बोलायला तयार आहे, पण कागदावर सही करत नाही, म्हणाली. कागद बघितल्याबरोबर ती मागे सरकली आणि 'आता कायची सही?' असं विचारत राहिली. तोंडी सांगते, कागद नको, एवढंच तिचं म्हणणं. मला गंमत वाटली. मी मुलीला म्हटलं, सही नसेल तर मला हा प्रकल्प धरता येणार नाही. नीट समजावून सांग, हा कागद तिच्याच भल्यासाठी आहे. मुलीनं मान हलवली. पुढच्या सोमवारी ती सही घेऊन आली. चौथी शिकलेल्या बाईची, एकेक अक्षर सुटं काढलेली सही होती ती. मी शेजारी बरोबरची खूण केली.

अहवाल आला तो नऊ पानांचा. मी तो विभागात बसून वाचला, आणि वाचता वाचता दार लावून घेतलं.

आत्याच्या माहेरची चार एकर जमीन पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खाणीत गेली होती. जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. वडील आधीच वारलेले, आईशिवाय वारस दोघंच, भाऊ आणि बहीण. बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नवरा राजूरच्या चुनाभट्टीवर रोजानं जायचा, चुन्यानं त्याचे हात फुटलेले असायचे. नोकरीची गोष्ट कानावर आल्यापासून तिच्या मनात आलं होतं की जमीन आपलीही आहे, तर आपल्या माणसाचं नाव निदान एकदा घरात निघेल. भाऊ बिनलग्नाचा होता, त्याच्यापुढे अख्खं आयुष्य होतं. तिच्याकडे दहा महिन्यांचं लेकरू होतं. कुणीतरी दोन्ही बाजूंनी बोलेल, असं तिला वाटलं होतं. भाऊ घ्यायला आला, आईनं बोलावलंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी सगळे तहसीलला गेले. तिथं हक्कसोडीचा कागद तयार होता. आपला वाटा आपण भावाला सोडतो, असा तो कागद.

"मले कोनं विचारलंच नाही," असं तिनं भाचीला सांगितलं होतं आणि मुलीनं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. "सही कुठं कराची, तेवढं दाखोलं. मी मनानं नाही केली सही. पन केली नसती तं माहेर तुटलं असतं."

नवऱ्याला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. भावावर तिचा राग नव्हता. अहवालात तिच्या माहेरपणाबद्दल एक पूर्ण पान होतं. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येतो, आणि ती भाऊबीज करून परतते. तेवढे पाच-सहा दिवस तिला भावजय ताट वाढून देते. वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या हातचं वाढलेलं ताट तिच्यापुढं येत नाही, असं तिनं हसत सांगितलं होतं.

ही भाची म्हणजे त्याच भावाची मुलगी. त्या सहीवर मिळालेल्या नोकरीतूनच तिच्या कॉलेजची फी भरली जात होती. शेवटच्या पानावर तिनं तेही लिहिलं होतं, दोन ओळींत, खाडाखोड न करता. मला रडू आलं. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत एवढं खरं मला कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात माझी स्वतःवरची खुशीही मिसळलेली होती. माझी पद्धत यशस्वी झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीच्या महिनाभर आधी कॉलेजात तपासणी समिती यायची होती. प्रत्येक विभागाला काहीतरी दाखवायचं होतं. आमच्याकडे दाखवायला ना प्रयोगशाळा, ना यंत्रं. एक भित्तीपत्रक तेवढं. मी त्या अहवालातली चार पानं निवडली, मुलीला सुंदर अक्षरात पुन्हा लिहायला सांगितली आणि विभागाबाहेरच्या फळ्यावर लावली. लावण्याआधी मुलगी घुटमळली. लावायचंच का मॅडम, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं, यात नाव कुठं आहे?

नाव खरंच नव्हतं. फक्त वरच्या चौकटीत, मीच आखून दिलेल्या रकान्यांत, माहिती होती. निवेदक क्रमांक एक. वय सुमारे पन्नास. शिक्षण चौथी. पती चुनाभट्टीवर मजूर. माहेरची चार एकर जमीन खाणीत. एक भाऊ, खाणीत कायम.

हे आजही डोळ्यापुढं आलं की मला माझी चीड येते. शहरात माणसाचं नाव काढून टाकलं की तो गर्दीत मिसळून जात असेल. आमच्याकडे नावानं माणूस ओळखतं कोण? अमक्याची बहीण, तमक्या भट्टीवाल्याची बायको, जमीन खाणीत गेली त्यांची लेक, हीच तर ओळख. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रकरणात मी हेच शिकवते, की माणूस म्हणजे त्याच्या नात्यांची जागा. पोरांना मी ते परीक्षेत लिहायला लावते. आणि मीच त्या बाईची सगळी नाती चौकटीत भरून, फक्त नाव तेवढं झाकून, तिला भिंतीवर टांगलं.

समिती आली, त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, उत्तम क्षेत्रकार्य म्हणाले. त्याच आठवड्यात कुणीतरी त्या पानांचा फोटो काढला. आमच्या कॉलेजात एकेका गावची पाच-सहा पोरं असतात, त्यामुळे फोटो कुणी काढला हे शोधण्यात अर्थ नव्हता. तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. वाचणाऱ्यांना चौकटीखालचं वाचायचीही गरज पडली नाही. खाणीच्या कँटीनमध्ये मुलीच्या वडिलांना कुणीतरी थट्टेनं विचारलं, बहिणीच्या डोळ्यातलं पानी किती पगाराचं होतं? तोपर्यंत त्यांना या कशाचाच पत्ता नव्हता.

ते कॉलेजात आले ते ड्युटीवरून थेट, बुटांवर कोळशाची काळी पूड, हातात हेल्मेट. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, आणि मी त्याला तोंड द्यायच्या तयारीनं बाहेर आले. ते फळ्यासमोर उभे होते. त्यांना वाचायला वेळ लागत होता, ओठ हलवत ते वाचत होते. चारही पानं संपेपर्यंत मी तशीच शेजारी उभी राहिले.

"मॅडम, दर दिवाळीले मी तिले आनाले जातो," ते म्हणाले. "आजपावतर एकबी साल चुकलं नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे, तिनं तेही सांगितलंय. त्यांनी मान हलवली.

"तिनं मनानं देलं, असं समजून मी इतकी वर्सं नोकरी केली. आता कोन्या तोंडानं तिच्या दारात जाऊ?"

मी पानं काढली, त्यांच्यासमोरच घडी करून कपाटात ठेवली. त्याचा काही उपयोग नव्हता हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी मुलीला कॉलेजातून काढलं नाही, तिच्यावर हात उगारला नाही, एवढंच काय, तिला एक शब्दही बोलले नाहीत. ते न बोलणं तिला फार लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

त्या दिवाळीला ते बहिणीला घ्यायला गेले नाहीत. आत्यानं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पिशवी भरून ठेवली होती, हे मुलीला आतेबहिणीकडून कळलं. दुसऱ्या दिवशीही ती पिशवी तशीच खाटेखाली होती. भाऊबीजेला आत्यानं चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते.

सुट्टी संपल्यावर मी मुलीला म्हटलं, मला तिच्याकडे घेऊन चल. मुलगी नको म्हणत होती, पण मी हट्टाला पेटले होते. माफी मागितल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. आपली झोप हे कारण किती स्वार्थी आहे, हे तेव्हा मला जाणवलं नाही. आम्ही दुपारी मुलीच्या गाडीवरून गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला कपाशी फुटलेली होती, वेचणी जोरात होती, आणि मागे खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे पार दूरपर्यंत दिसत होते.

आत्या नुकतीच वेचणीवरून आली होती, पदरात अडकलेल्या कापसाच्या काड्या काढत ओट्यावर बसली होती. तिनं आम्हाला बघितलं आणि उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. ती चटई घेऊन आली. चहा केला. भाचीच्या केसांवरून हात फिरवला, तशी भाचीला हुंदका आला आणि मग ती रडतच राहिली.

मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले. चूक माझी आहे, तुमच्या भाचीची नाही. सही मी घ्यायला लावली, भिंतीवर मी लावलं. मी तुमच्या भावाकडे जाते, हात जोडते, त्यांना समजावते. आत्यानं हातानंच नको म्हटलं. ती म्हणाली, मी सांगितलेलं खोटं असतं तर मी जाऊन फिरवलं असतं, ते खरं आहे म्हणून फिरवता येत नाही. भाचीला काही बोलायचं नाही, असंही तिनं मला बजावलं.

"हिनं विचारलं अन् चूप बसली," ती म्हणाली. "मंग मले वाटलं, इतक्या वर्सांनी कोनी ऐकूनच राह्यलं तं सांगावं. सांगून बरं वाटलं, मॅडम. खोटं कायले बोलू. पन तेवढ्या बऱ्या वाटन्यापाई माहेर गेलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो नव्हता म्हणून मला वर बघवत नव्हतं. मग तिनं हात पुढं करून माझ्या साडीचा पदर चिमटीत धरला, कापड पारखावं तसा.

"नवी हाये. भाऊबीजेची?"

मी हो म्हटलं. चारच दिवसांपूर्वी मी महागावकडे माझ्या भावाच्या घरी जाऊन आले होते.

"शेती हाये त्याच्यापाशी?"

आहे, म्हटलं. कपाशी, सोयाबीन, तूर. वडिलांची जमीन.

"तुमी सही केली काय?"

मुलीनं रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मुलीचा वडिलांच्या जमिनीत किती हक्क असतो हे मी तिच्या वर्गाला फळ्यावर लिहून शिकवलं होतं, आणि तोंडी परीक्षेत तिला तोच प्रश्न विचारला होता. सही मी केली होती. बाबा गेल्यावर वर्षभरात, भाऊ घ्यायला आला तेव्हा. मी शिकलेली, पगारदार बाई. मला त्या जमिनीचं काय करायचंय, असं मी सगळ्यांना हसत सांगितलं होतं, आणि परतीच्या एसटीत उमरखेडच्या रस्त्याकडे बघत खिडकीला डोकं टेकून बसले होते. हे मी कधी कुणाजवळ बोलले नव्हते, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

केली, म्हटलं.

आत्यानं पदर सोडला, माझ्या मांडीवर नीट बसवून ठेवला.

"तुमचं कोनं भितीवर लेहलं नाही," ती म्हणाली. "म्हून तुमाले माहेर हाये."

तिचा भाऊ पुढच्या दिवाळीलाही तिला न्यायला गेला नाही. मी माझ्या भावाकडे जाऊन आले.